वासोटा : पाण्यातून जाणारी रानवाट

साताऱ्याहून कास पठार मागे टाकून गाडी घाट उतरू लागली की डोंगरांच्या बेचक्यांत शिवसागर जलाशयाचे निळे फाटे दिसू लागतात. सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवर बामणोली हे गाव लागते. वासोट्याला जाणाऱ्यांसाठी सडक येथे संपते. पुढचा प्रवास लाँचने. दीड तासाच्या या जलप्रवासात दोन्ही तीरांवर वस्ती विरळ होत जाते, जंगल पाण्याच्या काठापर्यंत उतरते आणि शेवटी लाँच जेथे टेकते त्या मेट इंदवलीला गाव म्हणावे असे काही उरलेले नाही. तेथून सदाहरित रानातून चढणारी पायवाट वासोटा किल्ल्यावर आणि नागेश्वराच्या गुहेत जाते.

घनदाट अरण्य, नैसर्गिक गुहा आणि जुन्या वैभवाचे भग्नावशेष या तिन्ही गोष्टी एकाच दिवसात पाहण्याची सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे. मध्य अमेरिकेतील बेलीझ हा चिमुकला देश त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील सॅन इग्नासिओ गावातील अनेक कुटुंबे पर्यटकांना वर्षावनातून, गुहांतून आणि माया संस्कृतीच्या पडक्या मंदिरांतून फिरवण्याच्या व्यवसायावर जगतात. महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारे ठिकाण कोयनेच्या खोऱ्यात आहे. येथेही लाँच चालवणारा, वाट दाखवणारा आणि संध्याकाळी परतल्यावर पिठले-भाकरी वाढणारा असे तिघे बहुधा एकाच घरातले असतात. फरक इतकाच की, या घरांनी हा व्यवसाय हौसेने निवडलेला नाही.

धरणाने दिलेला धंदा

कोयना महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकजवळच्या कोयनानगर येथे गेल्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत धरण उभे राहिले. १९६२ पासून येथे वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅटवर पोहोचली. जलाशयाची साठवणक्षमता आज सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर हे नाव देशभर पोहोचले. त्या रात्री दीडशेहून अधिक माणसे दगावली.

धरणाची ही बाजू शाळेच्या पुस्तकातही असते. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. नदीकाठची भातखाचरे आणि शंभराच्या घरातील गावे पाण्याखाली गेली. काहींना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी देऊ करण्यात आल्या. ज्यांना जाववले नाही ते डोंगराच्या वरच्या अंगाला सरकले आणि तेथेच राहिले. त्यांच्या वाट्याला मुरमाड उतार, नाचणी-वरईचे पीक आणि पलीकडच्या तीरावर जायचे तर होडी, एवढेच आले. त्यांच्या दारातल्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईत पोहोचली, त्याच्या कितीतरी नंतर ती येथील वाड्यांत आली. पुनर्वसनाचे प्रश्न तर इतके लांबले की २०१८ मध्ये प्रकल्पग्रस्तांना कोयनानगरात पुन्हा आंदोलनाला बसावे लागले. तोवर धरणग्रस्तांची तिसरी पिढी कर्ती झाली होती.

जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील तरुणांनी मुंबईची वाट धरली ती याच काळात. माथाडी कामगारांत साताऱ्याच्या या डोंगरी भागाचा मोठा भरणा आहे. घरटी एक माणूस मुंबईच्या बाजारात ओझी वाहणार आणि उरलेले गावी होडी वल्हवणार, अशी विभागणी अनेक वर्षे चालली. होडी तेव्हा पर्यटनासाठी नव्हती. आजाऱ्याला दवाखान्यात, मुलांना शाळेत आणि नवरीला सासरी पोहोचवण्याचे ते साधन होते. किल्ले पाहणारे शहरी तरुण येऊ लागल्यावर याच होडीला भाडे मिळू लागले. मग वल्ह्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले, होड्यांचे क्लब झाले, फेऱ्यांचा क्रम ठरला. आज बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे या गावांत बोट क्लब आहेत. काठावर तंबू आणि घरगुती जेवणाची सोय आहे. मुंबईहून परतलेल्या काही जणांनी गाठीशी आलेला पैसा लाँचमध्ये घातला आहे.

रानाचा स्वभाव

वासोट्याच्या पायथ्याचे जंगल वर्षावन आहे काय, हा प्रश्न पर्यटक हमखास विचारतात. शास्त्रीय उत्तर थोडे सावध आहे. विषुववृत्तीय वर्षावनात पाऊस वर्षभर पडत असतो. सह्याद्रीत तो चार महिने कोसळतो आणि आठ महिने दडी मारतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, पण जानेवारी ते मे हा काळ जवळजवळ कोरडाच. एवढ्या कोरड्या काळात टिकून राहायचे तर झाडांना बुटके व्हावे लागते, पाने जाड आणि चिवट करावी लागतात. त्यामुळे येथे शंभर-सव्वाशे फूट उंचीचे वृक्ष फारसे दिसत नाहीत. अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचे एकमेकांत गुंतलेले छत्र दिसते. वनस्पतिशास्त्रज्ञ उत्तर सह्याद्रीतील या सदाहरित रानाला याच तीन झाडांच्या नावांनी ओळखतात. त्यांच्या जोडीला हिरडा, उंबर, आंबा, वेली आणि उघड्या उतारांवर कारवी. भर दुपारीही पायवाटेवर उन्हाचे कवडसे मोजण्याइतकेच पडतात.

या रानात गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आणि रानकुत्री आहेत. राज्यप्राणी शेकरूची घरटी वाटेवरूनही दिसतात. पहाटे शीळकरी कस्तुराची लांब, माणसासारखी शीळ ऐकू येते. प्रथमच ऐकणारा हमखास मागे वळून पाहतो. पर्यटकांना प्रत्यक्षात सर्वाधिक भेटणारा प्राणी मात्र जळू. पावसाळा संपताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणाऱ्यांनी मोजे पँटवर चढवून, मिठाची किंवा तंबाखूची पुडी खिशात ठेवून चालावे, असा वाटाड्यांचा सल्ला असतो. अस्वलाबाबतचा सल्ला अधिक गंभीर आहे. अस्वल बहुधा अचानक समोर माणूस आल्यामुळे बिथरते. म्हणून वळणावर पुढे चालणारा वाटाड्या खाकरतो, काठी आपटतो. शहरी पाहुण्यांना ती सवय वाटते, पण ती खबरदारी असते.

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास पठार आणि कोयना अभयारण्य दोन्ही आहेत. वाघांची संख्या या प्रकल्पात अनेक वर्षे नगण्य राहिली. ती वाढवण्यासाठी २०२५ च्या अखेरीस ताडोबाच्या जंगलातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. शिवाजी महाराजांनी वासोट्याला व्याघ्रगड असे नाव दिले होते, हे येथे आठवते.

दुर्गम म्हणूनच तुरुंग

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० फूट उंचीचा वासोटा हा गिरिदुर्ग आहे, पण त्याची खरी तटबंदी रानाची. म्हणून त्याला वनदुर्ग म्हणतात. वसिष्ठ ऋषींच्या नावावरून वासोटा हे नाव पडल्याची कथा आहे; किल्ल्याची बांधणी मात्र कोल्हापूरच्या शिलाहार भोजाकडे दिली जाते. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी जिंकली आणि त्यानंतर हा किल्ला स्वराज्यात दाखल झाला. लढाईपेक्षा कैद्यांसाठी तो अधिक उपयोगी पडला. राजापूरच्या वखारीतील पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना १६६१ मध्ये येथे ठेवण्यात आले. पहारेकरी झोपला तरी कैदी पळून कोठे जाणार, असा हिशेब त्यामागे असावा.

किल्ल्याच्या इतिहासातील सर्वांत ठसठशीत व्यक्ती मात्र राजा नाही की सरदार नाही. ती आहे ताई तेलीण. औंधच्या पंतप्रतिनिधींना मसूर येथे नजरकैदेत ठेवले असता तिने वासोट्याचा आधार घेऊन त्यांच्या सुटकेसाठी शस्त्र उचलले. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले चालून आले. प्रतिनिधी पुन्हा पकडले गेले, तरी ताईने वासोट्यावरून झुंज चालू ठेवली. कित्येक महिने वेढा चालला. धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हाच, १८०७ च्या सुमारास, किल्ला पडला. त्या काळातील एका तेलिणीने पेशवाईच्या पहिल्या क्रमांकाच्या सेनानीला इतके दिवस डोंगरात अडकवून ठेवावे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांनी अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही.

पुढे अकराच वर्षांनी शेवट आला. इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर दुसऱ्या बाजीराव पेशव्याने साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबीयांना वासोट्यावर ठेवले होते. हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही तेथे कैदेत होते. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने समोरच्या जुन्या वासोट्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि किल्ला शरण आला. दुर्गमता दूरवर मारा करणाऱ्या तोफेपुढे निरुपयोगी ठरली. त्यानंतर किल्ल्यावर वस्ती राहिली नाही.

आज माथ्यावर पोहोचताच छत हरपलेले मारुतीचे मंदिर लागते. जवळच वाड्यांची जोती, पाण्याचे टाके, दगडी चुन्याचा घाणा आणि जंगलात शिरलेल्या भिंती आहेत. एका टोकाला महादेवाचे छोटे मंदिर. तेथून पुढे माची, जेथून स्वच्छ हवेत चकदेव, रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड दिसतात. दुसऱ्या टोकाला बाबूकडा. अर्धवर्तुळात तुटलेला हा कडा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची आठवण करून देतो आणि त्याच्या पलीकडे जुना वासोटा उभा आहे. कड्यावर कठडा नाही. छायाचित्राच्या मोहात मागे मागे सरकणाऱ्यांना आवरणे हे वाटाड्याचे येथील मुख्य काम आहे.

नागेश्वरची गुहा

पायथ्यापासून चढताना अर्ध्या वाटेवर फाटा फुटतो. एक वाट किल्ल्यावर, दुसरी नागेश्वराकडे. कोकणच्या काठावरील सुळक्यासारख्या डोंगराच्या कुशीत ही नैसर्गिक गुहा आहे. आत शिवलिंग असून छताच्या खडकातून झिरपणारे पाणी पिंडीवर ठिबकत राहते. खडक बसाल्टचा असल्याने चुनखडीच्या गुहांप्रमाणे लोंबकळणारे स्तंभ येथे तयार होत नाहीत. पाणी फटींतून येते आणि निघून जाते. महाशिवरात्रीला खेड तालुक्यातील चोरवणे गावाकडून कोकणातील भाविक चढून येतात, तर अलीकडून घाटावरचे येतात. गुहा ही दोन प्रदेशांच्या भेटीची जागा आहे, आणि ती प्रथा पर्यटनापेक्षा कितीतरी जुनी आहे.

किल्ला आणि गुहा एकाच दिवसात करता येतात, पण त्यासाठी पहाटेच निघावे लागते. येथेच कुटुंबाच्या व्यवसायातील खरी अडचण सुरू होते. लाँचवाला पाहुण्यांना सोडून दुसरी फेरी मारायला परत जाऊ शकत नाही. तो दिवसभर मेट इंदवलीच्या काठावर थांबतो. अंधारापूर्वी सर्वांना अभयारण्याबाहेर काढण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. मुक्कामाला परवानगी नाही. म्हणजे एका लाँचचे दिवसाचे भाडे एकच. हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा, त्यातही गर्दी शनिवार-रविवारची. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. डिझेल, इंजिनाची दुरुस्ती आणि परवान्यांचा खर्च वजा केला तर हाती राहणारी रक्कम शहरी पाहुण्यांना वाटते तेवढी मोठी नसते. म्हणूनच बहुतेक घरांत भात-नाचणी, दुभते जनावर आणि मासेमारी हे तिन्ही उद्योग अजून चालू आहेत.

नियम कोणाच्या सोयीचे?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. बामणोलीत वन विभागाकडे नोंदणी करून शुल्क भरावे लागते. पायथ्याच्या चौकीवर सामानातील प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या जातात आणि परतताना त्या तेवढ्याच आहेत की नाही, हे पाहिले जाते. ही साधी पद्धत राज्यातील इतर किल्ल्यांवरच्या मोठमोठ्या फलकांपेक्षा परिणामकारक ठरली आहे. वासोट्याची वाट आजही स्वच्छ आहे, यात या मोजणीचा वाटा मोठा.

सुरक्षिततेचे नियम मात्र येथील घरांना जड जातात. अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ मध्ये नवा अंतर्गत जलयान कायदा आला. राज्य शासनानेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार साहसी उपक्रम चालवणाऱ्या संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित मार्गदर्शक, सुरक्षा साधने, विमा या अटी पाळाव्या लागतात. अटी योग्यच आहेत. खोल जलाशयात जीवरक्षक जाकिटाशिवाय प्रवासी नेणे हा गुन्हाच मानला पाहिजे. परंतु शहरातील कंपनी एका कारकुनाकडून भरून घेते ते अर्ज डोंगरातील घराला साताऱ्याच्या दोन फेऱ्या मारून भरावे लागतात. परिणामी नोंदणी शहरातील आयोजकाच्या नावावर, आणि प्रत्यक्ष होडी, वाट व स्वयंपाक गावकऱ्याचा, अशी रचना पुढे येऊ शकते. पाहुणा आयोजकाला पैसे मोजतो आणि गावकऱ्याला रोजंदारी मिळते.

बेलीझचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथील आक्तुन तुनिचिल मुकनाल या गुहेत माया लोकांनी बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे हजार वर्षांहून अधिक काळ पडून आहेत. एका सांगाड्यावर चुन्याचे स्फटिक साठून तो चमकतो. नदी ओलांडत आणि पोहत आत शिरावे लागते. तेथे परवानाधारक स्थानिक मार्गदर्शकाशिवाय कोणालाही प्रवेश नाही. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातातून कॅमेरा पडून एक कवटी फुटल्यानंतर कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातली गेली. पण नियम कडक करताना परवाना हा माणसाला दिला गेला, आणि तो माणूस त्याच मुलखातला. त्यामुळे नियम जितका कडक, तितकी त्या मार्गदर्शकाची किंमत वाढली.

वासोट्यावर मार्गदर्शकांना असा दर्जा देण्याची गरज आहे, कारण खोऱ्यात आता मोठ्या योजना येत आहेत. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पासाठी सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील २३५ गावांचे क्षेत्र निश्चित करून रस्ते विकास महामंडळाला नियोजनाचे अधिकार देण्यात आले. मुनावळे येथे २०२४ मध्ये शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले. जलाशयावर पूल बांधण्याचीही कामे हाती घेण्यात आली आहेत. पूल स्थानिकांची अनेक दशकांची मागणी आहे. प्रसूतीसाठी अडलेल्या बाईला मध्यरात्री होडीतून नेण्याचे प्रसंग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुलाचे तोटे ऐकवण्याचा अधिकार शहरी निसर्गप्रेमींना नाही. मात्र आजवर या रानाचे रक्षण जितके कायद्याने केले, तितकेच मधल्या पाण्याने केले. लाँचमध्ये मावतील तेवढीच माणसे किल्ल्यावर जात होती. कासच्या फुलांच्या हंगामात मोटारींच्या रांगा काय करू शकतात, हे सातारकरांनी पाहिले आहे.

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. गाळाने भरलेली ही बारव ग्रामस्थांनी श्रमदानातून मोकळी केली. तेथे पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वजांनी गोल फिरत जमिनीत पायऱ्या उतरवल्या; कोयनेत पाण्यानेच वर येऊन घरे गिळली. दोन्ही ठिकाणी बाहेरचा पाहुणा येऊ लागला आहे, आणि त्याला जागा दाखवणारा माणूस गावचा असावा की कंपनीचा, हा प्रश्न वालूरलाही आज ना उद्या पडणार आहे.

कसे जाल?

मुंबई किंवा पुण्याहून साताऱ्यापर्यंत रेल्वे आणि एसटीची चांगली सोय आहे. मराठवाड्यातील पर्यटकांनी सेलू किंवा परभणीहून रेल्वेने पुणे आणि तेथून सातारा गाठावे. सातारा–कास–बामणोली या मार्गावर एसटीच्या फेऱ्या मोजक्या असल्याने आदल्या दिवशी बामणोली किंवा शेंबडीत मुक्काम करणे सोयीचे. जवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र ठेवावे. लाँच संपूर्ण भाड्याने घ्यावी लागते, त्यामुळे आठ-दहा जणांचा गट असल्यास खर्च विभागला जातो. दर बोट क्लबच्या फलकावर लिहिलेले असतात. घासाघीस करण्याआधी लाँच दिवसभर थांबणार आहे, हे ध्यानात घ्यावे. निघण्यापूर्वी जीवरक्षक जाकिटे मोजून घ्यावीत. पायथ्याच्या ओढ्यानंतर वाटेत पाण्याची खात्री नाही. माणशी तीन लिटर पाणी सोबत हवे. चढाईला दोन ते अडीच तास लागतात. मोबाईलला बामणोलीनंतर संपर्क मिळेल, या भरवशावर राहू नये. जेवणाची सूचना सकाळीच लाँचवाल्याला दिली की संध्याकाळी परतेपर्यंत त्याच्या घरी चूल पेटलेली असते.